लुजैनची दोन मिनिटं

आमच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात पंचविशी ओलांडलेल्या माणसाला माइक मिळत नाही. नियम माझाच. पॅलेस्टाईनमधल्या आमच्या नाब्लुस शहरात पुढारी, मौलवी, काका, मामा सगळे आमच्याबद्दल बोलतच असतात. त्यांना चॅनेलं काय कमी आहेत? गुरुवारचा एक तास तरी आमची पोरं बोलतील आणि त्यांना मध्येच कोणी गप्प करणार नाही, एवढ्यासाठी दोन वर्षं मी घरच्यांशी भांडत होते. आवाजाच्या आणि चित्राच्या बटणांपाशी मीच बसायचे.

लुजैन सतरा वर्षांची. तिचा भाऊ कुसै इस्रायलच्या तुरुंगात, सुटायला अजून चार वर्षं. भेटी बंद. पण त्या वर्षी कोठडीत टीव्ही होता आणि आमचा कार्यक्रम तिथे दिसायचा. तिला त्याला एकच गोष्ट सांगायची होती: आईचा कॅन्सर पसरलाय, ती महिनाभरसुद्धा काढणार नाही.

“त्याच्या कोठडीतल्या एकाला बाप गेल्याचं जेवता जेवता बातम्यांत कळलं,” ती म्हणाली. “माझ्या भावाचं तसं नको. मी सांगेन त्याला. तू फक्त मला मध्ये तोडू नकोस, रिनाद.”

“इथे कोणी कोणाला तोडत नाही,” मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

तिच्या आईला हे कळलं आणि तीही यायला निघाली. उम्म कुसै, म्हणजे कुसैची आई, असंच तिला सगळे म्हणायचे. तिला आमच्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने वर आणलं. अंगात लाल भरतकामाचा झगा, गालांना लाली.

“हळू रे मेल्यांनो! लग्नातसुद्धा मला कोणी असं उचललं नव्हतं.”

“तेव्हा तुम्ही जड असाल, खाला,” खुर्ची धरलेला आमचा बहा म्हणाला. ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

लुजैन केस सारखे करायला गेली, तेवढ्यात उम्म कुसैने माझं मनगट धरलं. हात म्हणजे नुसती हाडं.

“पोरी, ही काही ऐकायची नाही. माझ्या दुखण्याचं बोलायला लागली की आवाज बंद कर.”

“ते माझ्याकडून नाही व्हायचं, खाला. ही वेळ तिची आहे.”

“आणि मुलगा कोणाचा? चार भिंतींत हे ऐकून तो करणार काय? डोकं आपटेल. त्याला मी अशी दिसू दे, बस्स. तुला तुझ्या आईची शपथ.”

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही.

कार्यक्रम सुरू झाला. लुजैनने आधी परीक्षेचं सांगितलं, शेजाऱ्यांच्या बोकडाने वाळत घातलेली चादर खाल्ली ते सांगितलं. मग तिने श्वास घेतला. “कुसै, आता नीट ऐक. आई…”

उम्म कुसै कॅमेऱ्यात बघून हसत होती. मला वाटलं, माझ्याकडेच बघतेय. मी आवाज बंद केला, चित्र तिच्या चेहऱ्यावर नेलं आणि तिथेच ठेवलं.

काचेपलीकडे लुजैन बोलत राहिली. पूर्ण दोन मिनिटं. माझ्या हेडफोनमध्ये शब्दन् शब्द येत होता. ती रडली नाही, अडखळली नाही. इतकं खरं आमच्याकडे कधी कोणी बोललं नव्हतं, आणि ते बाहेर कोणालाही ऐकू गेलं नाही. बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली. “सांगितलं एकदाचं,” म्हणाली. मला स्वतःची शिसारी आली.

पुढे शेजारीण तिला म्हणाली, आवाज गेला होता. आमची यंत्रं जुनी, आवाज जायचाच. लुजैनने मला विचारलं, “थोडाच वेळ ना?”

“थोडाच,” मी म्हणाले. “अगदी शेवटी.”

अकराव्या दिवशी उम्म कुसै गेली. शोकाचे तीन दिवस लुजैन बायकांना कडू कॉफी देत होती आणि प्रत्येकीला सांगत होती, “कुसैला माहीत होतं. त्याच्या मनाची तयारी झाली असेल.” बायका म्हणायच्या, शहाणी गं पोर. मी मान वर करत नव्हते.

गुरुवारी ती स्टुडिओत आली. “आज माझ्याच्याने बोलवणार नाही. तू सांग. फक्त दिवस आणि वेळ सांग, बाकी त्याला ठाऊक आहे.” तिने एक ओळ कागदावर लिहून दिली. बहाला बटणांपाशी बसवून मी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर गेले. लुजैन काचेआड त्याच्या शेजारी बसली.

“कुसै, मी रिनाद. तुझी आई सोमवारी पहाटे गेली.”

कागदावर एवढंच होतं. तिथे थांबले असते तर मी सुटले असते. पण मग चार वर्षं तो काय म्हणत बसला असता? मरणाऱ्या आईला रंगवून, हसवून दाखवलं आणि सख्ख्या बहिणीने लपवलं.

“लुजैनने तुला सगळं सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तिचा आवाज मी बंद केला. यंत्र बिघडलं नव्हतं.”

लुजैन उठून उभी राहिली. बहाने तिच्याकडे पाहिलं, बंद करू का म्हणून. तिने मानेनेच नको म्हटलं. मग दार उघडून ती जिना उतरून गेली. मी तिचं सगळं बोलणं, मला आठवत होतं तसं, शेवटपर्यंत कुसैला सांगितलं.

त्यानंतर लुजैन माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही.