छर्र्यावर तेल

आमच्या भिंतीला भेग पडली तेव्हा क्वारीचा मॅनेजर बघायला आला, भेगेत बोट घालून म्हणाला, "भूकंप, ताई. डहाणूकडे सारखे होतात. त्याला आम्ही काय करणार?" वर बजावलं, की पावसाळ्यापासून त्यांनी एकही सुरुंग लावलेला नाही, दगड नुसत्या मशीनने फोडतात. मग रोज दुपारी मांडणीवरची भांडी काय वाऱ्याने वाजत होती? पण गावाच्या कानांना किंमत नाही, कागद दाखवा म्हणतात. क्वारीला मुदतवाढ मिळायची होती, आणि ती मिळाली तर आमचं घर काही पुढचा पावसाळा बघणार नव्हतं. म्हटलं, दाखवतेच कागद.

मी बोईसरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये मापं तपासते. भूकंपमापक विकत आणायची ऐपत नव्हती, तर घरीच बांधायला घेतलं. रचना साधी आहे. फाटकासारखा आडवा दांडा, टोकाला वजन, तारेने खांबाला टांगलेला. जमीन हलली की खांब हलतो, वजन जागच्या जागी राहू बघतं, आणि तो फरक लोहचुंबक नि तारेच्या गुंडाळीतून लॅपटॉपवर रेघ होऊन उमटतो. ग्यानबाची मेख एकाच जागी: दांडा खांबाला टेकतो तिथे. तिथे जरा घासलं, की बारीक हादरा तिथेच गिळला जातो.

आधी खिळ्याचं टोक लोखंडी पट्टीच्या खळग्यात बसवलं. दांडा दोनदा डुलला आणि म्हशीसारखा बसला. मग दाढीचं पातं लावलं. ते काही दिवस झकास चाललं, पण वजनाने धारच दुमडली. माझा भाऊ केदार बेरिंग घेऊन आला. "अख्खी एमआयडीसी बेरिंगवर चालते, नि तुला चालत नाय?"

नाही चालत! बेरिंग गरागरा फिरायला असतं. इथे केसभर हलायचं, आणि तेवढ्याला आतलं ग्रीस दादच देत नाही. शेवटी तेच बेरिंग फोडून एक छर्रा काढला, दांड्याच्या टोकाला चिकटवला. खांबावर लेथच्या हत्याराचा कार्बाइडचा तुकडा बसवला, काचेसारखा गुळगुळीत आणि पोलादाहून कडक. छर्रा त्यावर घासत नाही, लोळतो. तोही कोरडाच हवा. दांड्याला हलकेच बोट लावलं आणि चहा पिऊन आले, तरी डुलतच होता. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

त्यानंतर क्वारीच्या जेवणाच्या सुट्टीत रोज रेघ उसळायची. रविवारी मात्र सपाट. भूकंपाला रविवारची सुट्टी कधीपासून मिळायला लागली? मी रोजचा कागद छापून ठेवू लागले.

मुदतवाढीआधी तहसीलदारांपुढे व्हायची ती चौकशी तोंडावर आली आणि मध्ये दसरा आला. माझी आई मंदा दसऱ्याला घरातलं फिरणारं, कापणारं सगळं पुजते. कोयता, पाण्याचा पंप, केदारची मोटारसायकल. यंत्रालाही हळदकुंकू लागलं, झेंडू लागला, आणि वर्षभर सुरळीत चालावं म्हणून तिने नेमकं त्या छर्र्यावर खोबरेल सोडलं. तेलात कुंकू कालवलं गेलं नि दांडा चिकटला. त्याच सकाळी क्वारीवरही पूजा होती. त्यांचा मुहूर्ताचा सुरुंग असा फुटला, की भेगेत अख्खा हात जायला लागला. रेघ मात्र सपाट.

मी आईवर ओरडले. तिचं तोंड एवढंसं झालं. "पूजाच केली ना गं मी," म्हणाली, आणि जेवली नाही. मला रागही येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

केदार म्हणाला, "तो कागद काढून टाक. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय. खोटं त्यांनी बोलायचं, आपण नाही." मी कागदावर ठसठशीत लिहिलं, 'दसरा, यंत्र अडकले', आणि तो गठ्ठ्यात घातला.

चौकशीला तहसीलदार होते आणि अर्धं गाव होतं. मॅनेजरने पुन्हा भूकंपाचं पुराण लावलं. मग त्याने माझा गठ्ठा चाळला आणि दसऱ्याचा कागद हाती येताच हरखला. वर लिहिलेलं वाचायचं भानही त्याला राहिलं नाही.

"हे बघा साहेब, यांचं यंत्र!" तो कागद नाचवत म्हणाला. "दसऱ्याला आम्ही मुहूर्ताचा एवढा मोठा सुरुंग उडवला, अख्ख्या गावाने ऐकला, आणि यांची रेघ हललीसुद्धा नाही! हे खेळणं पुरावा म्हणून आणलंय!"

केदारने माझा दंड दाबला.

तहसीलदारांनी चष्मा काढला. "सुरुंग? पावसाळ्यापासून बंद आहेत म्हणालात ना?"

"म्हणजे... तो पूजेचा होता, साहेब."

मी उठणार तोच आई उभी राहिली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी बाई, पदर खोचून उभी.

"मशीनमदी तेल मी घातलं, साहेब," ती म्हणाली. "ती माजी चूक हाय, लिवा. नि सुरुंग यानं लावला. ते पन लिवा."

तहसीलदारांनी दोन्ही लिहून घेतलं.