सहावी फुली

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझा पुठ्ठा उसवला आहे आणि पोटात वाळवीने भोक पाडले आहे. माझ्या पहिल्या अर्ध्या भागात उडते राजवाडे आणि बोलणारे तलाव आहेत, उरलेल्या भागात भुते. मला शिवताना बाइंडर म्हणाला होता, "पोरं वाचून वाचून याच्या चिंध्या करतील." चिंध्यांचे तेवढे खरे ठरले.

वाचनालयात माझ्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवला. आवडले तर बरोबरची खूण करायची, नाही तर फुली. सहा फुल्या झाल्या की पुस्तक बाद, आणि त्याचा लगदा. भुते खोटी असतात म्हणून मला कोणी फुली मारली, तर भुते फारच कमी आहेत म्हणून दुसऱ्याने. अशा पाच झाल्या.

माझी खरी वाचक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या बाई. त्या पेन्सिल घेऊनच वाचत. बोलणाऱ्या तलावाशेजारी त्यांनी लिहिले, 'मूर्खपणा!' भुतांपाशी मात्र भर दुपारी पाय खुर्चीवर घेऊन बसत. एका कथेत मेलेली आई लेकीच्या फ्रॉकची राहिलेली शिवण पुरी करायला परत येते. ती वाचताना बाई हुंदके देऊन रडत. त्या कथेच्या शेवटच्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिले, 'माझी आई अशीच दातांनी दोरा तोडायची.' ती कथा वाचायला त्यांनी मला सात वेळा घरी नेले. मला वाटले, मी त्यांचा लाडका आहे.

वर्षअखेरीला पुस्तकनिवडीची बैठक बसली. बाई समितीवर होत्याच. मला पाहून सगळे हसले.

"असलं पोरकट कोण वाचतं हो?" अध्यक्षांनी विचारले.

"रद्दी आहे नुसती," बाई म्हणाल्या.

"पण बाई, तुम्ही सात वेळा नेलंय की!" ग्रंथपाल म्हणाली.

"चुका काढायला नेलं होतं," असे म्हणून त्यांनी ठसठशीत फुली मारली. सहावी.

मंडळी चहाला उठली, ग्रंथपाल शिक्का आणायला गेली. तेवढ्यात बाईंनी ती कथा माझ्यातून टरकन फाडली आणि पर्समध्ये कोंबली. मला फार दुखले. पण घाईत एक पान माझ्यातच राहिले. शेवटचे. त्यांच्या आईचे.

दुसऱ्या दिवशी बाई धापा टाकत आल्या. मी दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात, त्यांच्या पायाशीच पडलो होतो.

"त्या बाद पुस्तकातलं एक पान मला हवं होतं," त्या पुटपुटल्या.

"रद्दीतलं? कुठलं पान, बाई?" ग्रंथपालने विचारले.

अध्यक्ष पेपर वाचत शेजारीच बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. बाईंचा चेहरा पडला.

"काही नाही. राहू दे."

टेम्पोवाल्याने गठ्ठा उचलला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला त्यांची दया आली नाही. खोटे कशाला बोलू, मला बरेच वाटले.

मित्रांनो, उद्या माझा लगदा होईल. तुम्हाला भुतांची पुस्तके आवडत नसतील तर खुशाल फुली मारा. पण ज्या पुस्तकापाशी रडलात, त्याला चारचौघांत रद्दी म्हणू नका. आणि म्हणालातच, तर निदान त्यात आपल्या आईबद्दल काही लिहून ठेवू नका.