गोळीचं की त्याचं?

केकवालीने गोळी बंद केली आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही.

ती बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची. स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केस गेले, परत आले. मग हार्मोनची गोळी सुरू झाली. रोज एक, पाच वर्षं. गोळी दिसायला गरीब, पण तिने बोटं धरली. सकाळी मूठ वळेना. क्रीमची पिशवी दाबताना बोट मध्येच अडकायचं. मालक म्हणाला, "बाई, गुलाब सांगितला होता, कोबी नव्हे." तीही हसली.

बोटांचं हसण्यावारी नेता आलं. पाठीचं नाही. मैद्याचा डबा सरकवताना कमरेच्या वर कळ आली, ती मुक्कामालाच राहिली. आणि हा रोग हाडात उतरतो, हे तिने दवाखान्याच्या बाकावर ऐकलं होतं.

डॉक्टरला तिने सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "वय वाढतंय. थोडं दुखणारच." वय काय एका मणक्याचंच वाढतं? पण जीव वाचवणाऱ्याला उलट विचारायचं नाही, हे बायकांच्या हाडीमाशी खिळलेलं असतं, आणि अशा डॉक्टरांचं त्याच्यावर छान चालतं. नातेवाईक तर आणखी पुढचे. "जिवंत आहेस ना? मग हाडांचं काय घेऊन बसलीस?" म्हणजे जिवंत बाईने दुखायचीसुद्धा परवानगी काढायची.

म्हणून तिने आपल्या डोक्याने हिशेब मांडला. गोळी बंद करायची. दुखणं थांबलं तर गोळीचं. नाही थांबलं तर त्याचं.

दोन-तीन आठवड्यांत बोटं सुटली. गुलाब पुन्हा गुलाब झाले. पाठ मात्र तशीच. ती रोज उठायच्या आधी पाठ चाचपायची, आणि रोज तिथेच, त्याच जागी, कळ जागी असायची.

नणंद त्यांच्याकडेच राहायची. बस चालवायची, आणि घरातही हॉर्न वाजवल्यासारखीच बोलायची. एका सकाळी तिने वहिनीला बरणीचं झाकण फिरवताना पाहिलं.

"गेल्या महिन्यात हेच झाकण माझ्याकडून उघडून घेत होतीस. आज फटकन? वहिनी, गोळी घेतेस ना?"

"घेते की."

"खोटं बोलू नकोस. फुकट्या प्रवाशाचं तोंड मी आरशात ओळखते."

केकवाली मटकन खाली बसली. कळ तोंडावर उमटली. "बंद केलीय. बघायचं होतं, गोळीचं की त्याचं."

"त्याचं म्हणजे?"

"त्याचं."

"अगं, माझ्या भावाला गल्लीभर ऐकू जाईल अशी नावाने हाक मारतेस, आणि या मेल्याला 'तो'? हा काय तुझा दुसरा नवरा आहे?"

केकवालीला हसू आलं, ते अर्ध्यातच रडणं झालं. "वन्सं, बोटं सुटली. पाठ नाही सुटली."

हॉर्न बंद पडला. नणंद हळूच म्हणाली, "चप्पल घाल."

"आज नको. सांगितलं तर खरं होईल."

"आणि नाही सांगितलं तर खोटं होणार आहे का?"

दवाखान्यात या वेळी तो डॉक्टर नव्हता, एक डॉक्टरीण होती. तिने पाठीवर टिचक्या मारल्या, हाडांचा स्कॅन केला, एमआरआयच्या नळीत घालून मणक्याचा केला. मग दोघींना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावून घेतात ते कशासाठी, हे बाकावरच्या सगळ्या बायकांना माहीत असतं. केकवालीने नणंदेचा हात धरला. सुटलेल्या बोटांत भलताच जोर होता.

"मणका दबलाय. फ्रॅक्चर आहे."

"आणि तो?"

डॉक्टरीण बघतच राहिली. नणंद ओरडली, "कॅन्सर हो! हाडात उतरलाय का?"

"नाही. तसं काही दिसत नाही. हाडं ठिसूळ झालीत."

"मोडलंय!" केकवाली हसायलाच लागली. "वन्सं, नुसतं मोडलंय!"

पाठीचं हाड मोडल्याचा एवढा आनंद त्या खोलीने कधी पाहिला नसेल.

"ही गोळी हाडं झिजवते," डॉक्टरीण म्हणाली. "सुरू करायच्या आधी हाडांची तपासणी झाली होती?"

"नाही."

"कॅल्शियम, डी जीवनसत्त्व?"

"नाही. वय वाढतंय म्हणाले."

डॉक्टरीण खाली बघून लिहू लागली. आधी दात तपासून घ्यायचे, मग हाडांसाठी सलाइनमधून औषध, दर सहा महिन्यांनी. डबे उचलायचे नाहीत. कळ ओसरली की चालायचं, बसून राहायचं नाही. आणि गोळी पुन्हा सुरू. बोटांसाठी दुसरी देऊन बघू, पण बंद नाही. "ती बंद ठेवलीत, तर त्याला वाट मोकळी."

केकवालीचं हसू ओसरलं. "म्हणजे पुन्हा दुखणार. मग ते गोळीचं की त्याचं, कसं ओळखायचं?"

"ओळखायचं काम तुमचं नाही, ताई. दुखलं की यायचं."

"आले होते की," केकवाली म्हणाली.

डॉक्टरिणीचं पेन तेवढं थांबलं.