राहिलेलं कडवं

"घे, वाच," म्हणत रामरावांनी साप्ताहिकाचा घडी घातलेला अंक नलूपुढे धरला.

नलूनं कमरेची कापसाची ओटी सावरली आणि हात पुढे केला. तिनं कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला.

वेचणीला आलेल्या बाया जागच्या जागी थबकल्या. सगळ्या रामरावांच्याच, घाटंजीजवळच्या गावातल्या, बौद्धवाड्यातल्या. नलूची सासू रुखमाबाई मान खाली घालून उभी होती.

यवतमाळच्या त्या साप्ताहिकात कविता आल्यापासून गावात एकच विचारणा चालली होती, कोणी लिहिली? खाली नाव नव्हतं. पण वावर रामरावांचं, हे कवितेत उघड होतं. दीक्षा घेतल्यावर वाड्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं अख्खा हंगाम त्यांना काम दिलं नव्हतं. नाव फुटलं तर ते उपाशी दिवस पुन्हा येतील, हे नलूला ठाऊक होतं.

"वाड्यात शिकलेली बाई तू एकलीच," रामराव म्हणाले. "ऐकू दे साऱ्याइले."

"तिले काय समजते, पाटील?" रुखमाबाई पुटपुटली. "जाऊ द्या."

"मी तुले नाही इचारलं."

नलू वाचू लागली.

"रुईच्या गाठीवर शिक्का असते, गाडीवर नाव असते;
वेचणाऱ्या हातांना कोण नावानं हाक मारते?"

एकीनं डोईवरचा पदर पुढे ओढला. नलू पुढे वाचत गेली आणि तिथंच बायांमध्ये उभ्या असलेल्या मैनाबाईवरच्या कडव्यापाशी येऊन अडखळली. गेल्या साली मैनाबाई याच वावरात, तुरीच्या आडोशाला बाळंत झाली होती. सकाळपासून ती घरी जाऊ द्या म्हणून विनवत होती. रामरावांनी सोडलं नाही. लेकरू गेलं. नलूनं ते तिच्या नावानिशी लिहिलं होतं, आणि छापायला देण्याआधी धुणं धुताना तिला म्हणून दाखवलं होतं. मैनाबाईनं ते ऐकून घेतलं होतं. लुगडं पिळून निघून गेली होती.

नलूनं ते कडवं गाळलं, शेवटचं वाचलं.

"सरलं," ती म्हणाली.

रामराव तिच्याकडे पाहत राहिले. कविता त्यांनी घरून वाचून आणली होती. काय गळलं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कागद घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

"बरं वाचलं," ते हळूच म्हणाले. "चला, लागा कामाले."

रुखमाबाईनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. बाया वाकल्या. सुटलो, असं नलूला वाटलं.

"माह्यं राह्यलं."

मैनाबाई एकटीच उभी होती. आवाज चढलेला नव्हता.

"काय राह्यलं वं?" रामरावांनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "नलू, माह्यं काहून नाही म्हटलं?"

रुखमाबाईनं झटकन सुनेचा दंड धरला. तिची नखं रुतली. रामरावांनी खिशावर हात ठेवला, पण कागद काढला नाही. ते वाट पाहू लागले.

नलूनंही कागद मागितला नाही. सासूचा हात तिनं हलकेच सोडवला आणि मैनाबाईकडे पाहत ती गाळलेलं कडवं तोंडपाठ म्हणू लागली. पहिल्या ओळीला आवाज फाटला. तिनं ती ओळ पुन्हा, पहिल्यापासून घेतली.