वीस सेकंदांची चूक

भालकीच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढून मायाप्पा घरी बसला, तो आभाळाकडं तोंड करूनच. दिवस मावळला की गच्चीवर जायचं, उपग्रहाचा सरकता ठिपका दुर्बिणीत धरायचा आणि तो ठरलेल्या दोन ताऱ्यांच्या मधून जाताक्षणी स्टॉपवॉच दाबायचं. ती वेळ तो देशोदेशीच्या हौशी निरीक्षकांच्या गटाला पाठवायचा. अकरा वर्षांत त्याच्या वेळेवर कुणी शंका घेतली नव्हती.

मग अंगातल्या साखरेनं डोळे नेले. गटाला त्यानं कळवलं नाही. शेजारचा पुतण्या रविकुमार म्हणाला, "मी बघतो की, काका. तुम्ही बटण दाबा."

उपग्रह यायची अंदाजी वेळ गटाकडून कळे; त्या वेळी रविकुमार रोज वर येई. "आला... आला... गेला!" म्हणे, आणि मायाप्पाचा अंगठा पडे.

दोन महिन्यांनी गटाचं पत्र आलं. वेळा वीस-वीस सेकंदांनी चुकत होत्या. मुलीनं, रूपानं, ते वाचून दाखवलं तेव्हा मायाप्पा ओशाळला. अंगठाच म्हातारा झाला, असं त्यानं धरलं. रोज सकाळी अंगणात बसून रूपाच्या टाळीसरशी बटण दाबायचा सराव त्यानं सुरू केला.

"माझ्या अंगठ्यापायी तुझी मेहनत वाया जायलीय, रवी," तो म्हणाला.

"वय झालं, काका. चालायचंच."

त्याच संध्याकाळी रविकुमारचं "गेला!" ऐकून त्यानं बटण दाबलं, तोच बायको सुभद्राबाई वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर आली.

"काय बघायलाव ह्ये? चार दिस झाले, आभाळ गच्च हाय. एक चांदणी दिसंना."

जिन्यात दाबून धरलेलं हसू फुटलं. एकाचं नव्हतं, तिघाचौघांचं होतं. रविकुमारचे दोस्त रोज तिथं बसायचे, हे मायाप्पाला आता कळलं.

"कामून केलास रे, रवी?"

"कामून म्हंजे? तुमाला तरी कुठं दिसायलंय?"

जिना पुन्हा खदखदला.

"जाऊ द्या, तिकडं कुणाला कळायलंय?" असं सुभद्राबाई म्हणत असतानाच त्यानं रूपाला लिहायला बसवलं. डोळे गेलेत. दोन महिन्यांच्या वेळा खोट्या, त्या काढून टाका. आधीच्या माझ्या आहेत.

आठ दिवसांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार मानले होते. मात्र नजर नेमकी कधी गेली याची खात्री करता येत नाही, म्हणून सगळ्या नोंदी काढून टाकल्या होत्या.

"सगळ्या?"

"अकराही वर्षांच्या, अप्पा."

"खरं लिवा म्हणून कुणी सांगितलं होतं तुमाला?" सुभद्राबाई आतून म्हणाली.

मायाप्पानं रूपाला विचारलं, "गटाच्या यादीत नाव तरी ठिवलंय का माझं?"

"हाय, अप्पा."

"मग वाच की. कुणाच्या खाली हाय, कुणाच्या वर हाय, समदं वाच."

तो कान देऊन बसला. रूपानं पत्र उलटून पाहिलं; यादी त्यात कुठंच नव्हती.