भिशीचा नंबर

सानपाड्याच्या त्या सोसायटीत अभिरामला सगळे ‘सर’ म्हणत. शिकवत तो कुठेच नव्हता. एका कंपनीत स्टोअर्स सांभाळायचा. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पांढरा फळा लावून तो ‘आयुष्याचे टप्पे आणि पैशाचं नियोजन’ या विषयावर बोलायचा, आणि माणूस फळ्यासमोर उभा राहिला की आपल्याकडे आपोआप सर होतो. पंचविशीत काय करावं, लग्नानंतर काय, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे कसे बाजूला ठेवावेत, सगळं तो रंगीत पेनांनी काढून दाखवी. लोक माना डोलावत. त्याची बायको वैजयंती मागे चहाचे कप भरत असे आणि मनात म्हणे, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कारण आपल्या जाईच्या शिक्षणाचे पैसे कुठे आहेत ते तिला माहीत होतं. ते उरणजवळच्या द्रोणागिरीत होते, सातव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये. विमानतळ येणार म्हणून नवी मुंबईतल्या नोकरदारांना जो ताप चढला होता, तो अभिरामलाही चढला. पोरीच्या नावची ठेव मोडली, पीएफमधून उचल घेतली, वैजयंतीच्या पाटल्या गहाण पडल्या आणि वर बँकेचं कर्ज. पाच वर्षांत दुप्पट होतील, मग जाई म्हणेल तिथे शिकेल, असा साहेबांचा हिशेब. विमानतळ आला. विमानं उडायलाही लागली. बिल्डरच्या परवानग्या तेवढ्या अडकल्या त्या अडकल्याच. इमारतीला पाणी नाही, भाडेकरू नाही, गिऱ्हाईक नाही. खाली कंटेनरचे ट्रेलर उभे करून ड्रायव्हर झोपा काढतात. गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून खाता तरी येते. ही सिमेंटची होती.

अशात जाईला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. पोरीने स्वतःच्या मार्कांवर मिळवला होता, बापाच्या नियोजनाचा त्यात काही हात नव्हता. फी मात्र आठवड्याच्या आत भरायची होती. शैक्षणिक कर्जासाठी अभिराम बँकेत गेला, तर एवढा हप्ता डोक्यावर असताना जामीन म्हणून तुमची सही आम्ही कशी धरणार, असं विचारून त्यांनी त्याला परत पाठवलं. वैजयंतीच्या भावाने, बंडूने, फोन उचलणंच सोडलं.  जाईने हौसेने आणलेला ड्रॉइंग बोर्ड पलंगाखाली सरकवून ठेवला. 

मग अभिरामला भिशी आठवली. सोसायटीतल्या बारा बायकांची भिशी, वैजयंती त्यातलीच एक. तिला तो फळ्यासमोर ‘शून्य टक्के रिटर्नचं बायकी खूळ’ म्हणायचा आणि हॉलमधल्या पुरुषांकडून हशा वसूल करायचा. आता तिला म्हणाला, तुझा नंबर अलीकडे घे. भिशीचा रिवाज असा, की चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिचे पैसे. पण कुणाची फारच नड असेल तर तिने सगळ्यांसमोर काय ते उघड सांगायचं, आणि चिठ्ठीवालीने मन मोठं केलं तर नंबर बदलून द्यायचा. वैजयंतीने भाकरी थापता थापता त्याला सांगितलं, मी तोंड उघडणार नाही, ज्याने पैसे फ्लॅटमध्ये घातले त्यानेच येऊन मागावेत.

शनिवारी नमिताच्या घरी भिशी जमली. साबुदाणा वडे झाले, डब्यातून चिठ्ठी काढली, ती तिसऱ्या मजल्यावरच्या सुनयनाची निघाली. मग इस्त्रीचा शर्ट घालून आलेला अभिराम उभा राहिला. घसा साफ करून म्हणाला, “ॲक्च्युअली आमच्या पोर्टफोलिओमध्ये सध्या लिक्विडिटीचा थोडा इश्यू आहे.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणजे काय हो भावजी, असं नमिताने विचारलं. त्यावर तो ॲसेट, टायमिंग, लाँग टर्म असं बरंच बोलला. नड हा एवढा एक शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. शेवटी दारापाशी उभी असलेली जाई म्हणाली, “काकू, बाबांनी माझ्या फीचे पैसे द्रोणागिरीच्या फ्लॅटमध्ये घातले. आता फीला पैसे नाहीत. सोमवारी शेवटची तारीख आहे.”

सगळ्यांनी सुनयनाकडे पाहिलं. ती हातातल्या चिठ्ठीची घडी घालत होती.

“भावजी, आमचा फ्लॅट तुमच्याच बिल्डिंगमध्ये आहे, पाचव्या मजल्यावर,” ती म्हणाली. “तुमी फळ्यावर काढून दाखवलं, म्हणून ह्यांनी घेतला. आता लाज वाटते म्हणून कुणाला सांगू देत नाहीत. हे पैसे मी आमच्या पार्थच्या बारावीच्या क्लाससाठी धरले होते.”

वैजयंतीला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ती मनातल्या मनात नवऱ्याला हसली होती, पण समोर खुर्च्यांवर बसलेल्यांना एकदाही म्हणाली नव्हती की बाबांनो, याचं ऐकू नका. उलट चहा पाजला होता, वर खारी. तिला स्वतःचीच शिसारी आली.

त्याच वेळी वरून एक विमान घरघरत गेलं. बायकांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग अभिरामकडे.

“घे गं,” सुनयनाने चिठ्ठी वैजयंतीच्या हातात कोंबली. “पोरीचं वर्ष जायला नको. माझं बघू पुढे.”

 जाई पुढे आली. पार्थला मी शिकवीन, गणित आणि फिजिक्स दोन्ही, बारावीची परीक्षा होईपर्यंत, म्हणजे तुमचा क्लास वाचेल, असं ती सुनयनाला म्हणाली.

अभिरामचा चेहरा उजळला. “बघा, मॅडम, यालाच म्हणतात स्किल इन्व्हेस्ट...”

“तुम्ही गप्प बसा,” वैजयंती म्हणाली.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. चारचौघांत ती त्याला असं पहिल्यांदाच बोलली. अभिराम खाली बसला आणि समोरच्या बशीतला गार वडा उगाच मोडत राहिला. आणि कॉलेजचं फाटकही अजून न पाहिलेली त्याची पोरगी, पार्थला कुठल्या वारी वेळ असतो, ते सुनयनाला विचारत होती.