चकमधली किल्ली

लेथवरची चाचणी पास झाली तर सोमवारपासून कारखान्यात नोकरी. नाहीतर पुन्हा घरी बसून लोकांचे कपडे शिवायचे. तिचं वय चौतीस. टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कातायचा, ऑनलाइन कोर्स तिने दीड वर्षात पुरा केला होता. प्रॅक्टिकलला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण, तेही मोबाईलच्या पडद्यावर बोटाने लेथ चालवून. त्याच कारखान्यात पॅकिंग खात्यात असलेल्या दिराने तिच्यासाठी शब्द टाकला होता. आत सोडताना तो म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. फक्त माझं नाक कापू नका."

फोरमनने आधी तोंडी प्रश्न विचारले. मिनिटाला किती फेऱ्या, या गणिताचं उत्तर तर तिने त्याचं वाक्य संपायच्या आत दिलं.

"पोपट चांगला पढवलाय," तो म्हणाला. "आता हात चालवा."

लोखंडी कांब उचलताच तिचं मनगट खाली गेलं. पडद्यावर कांबेला वजन नव्हतं. तरी तिने ती कांब धरून फिरवणाऱ्या चकच्या जबड्यांत बसवली, किल्लीने आवळली, चष्मा चढवला आणि लीव्हर ओढला.

मशीन ढिम्म.

"लाइट गेली वाटतं."

"लाइट आहे. मेन स्विच मीच बंद ठेवलाय. चककडे बघा."

किल्ली चकमध्येच होती. मशीन फिरलं असतं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटली असती.

"मोबाईलवर ती आपोआप निघते," ती हळूच म्हणाली.

"माहितेय. या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या."

"एकदा परत करू? आता नाही विसरणार."

"मागचाही हेच म्हणाला. परत करू दिलं, परत विसरला. ताई, डोक्याला कळतंय, हाताला नाही."

"मग बिनपगारी शिकवा. झाडू मारते."

"शिकाऊ माणसाला मशीनला हात लावू देत नाहीत. शिकून यायचं."

"कुठून?"

फोरमनने लेथवर हात ठेवला. "हे मशीन तुमच्याच संस्थेचं. कोर्स ऑनलाइन झाला तेव्हा त्यांनी वर्कशॉप विकून टाकलं. सहाच्या सहा लेथ आमच्याकडेच आलीत."

ती जागची हलली नाही. "चालवून तरी दाखवा."

त्याने घड्याळ पाहिलं, किल्ली काढली, मेन स्विच चालू केला. कांब फिरू लागली. लोखंडाचा निळसर किस वेटोळे घेत खाली पडला, तापलेल्या तेलाचा वास आला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर उभी राहून तिने मिनिटभर लेथ चालताना पाहिलं. खरं लेथ, पहिल्यांदाच.

मग फोरमनने मशीन थांबवलं, अर्जावर 'अपात्र' लिहिलं आणि पुढच्याला आत बोलावलं.